वायफायचा पाणकर
तार, रेंज आणि कुलूप: काय करावे, काय टाळावे

मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचं, पाणी धानाच्या बांधीत पोचलं नाही, तर झाडीपट्टीतला शेतकरी बांधीत उभा राहून आभाळाकडे बघत बसत नाही. तो पाळीवर जातो, पाणी सोडायचं तुडूम उघडं आहे का बघतो आणि तिथून पाटाच्या कडेकडेनं खाली येतो. कुठे खेकड्यानं भोक पाडलं, कुठे गाळ बसला, कुठे वरच्या बांधीवाल्यानं रात्रीतून पाट फोडून घेतला, हे चालता चालता कळतं. वायफायचंही तंत्र हेच आहे. आपण मात्र बांधीतच उभे राहतो, म्हणजे फोन हातात धरून खोलीभर फिरतो.

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा हे नागझिऱ्याच्या जंगलात शिरण्याच्या दारांपैकी एक. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. अशा दाराशी असलेल्या गावात वायफाय ही चैन राहत नाही. पर्यटकाला सफारीचं बुकिंग दाखवायचं असतं, जिप्सीवाल्याला पैसे फोनवर घ्यायचे असतात, शेतकऱ्याला ई-पीक पाहणी आणि धानविक्रीची नोंदणी करायची असते, शाळेला माहिती भरायची असते.

अशा गावात वायफायच्या तक्रारी दोनच: आपल्याला का चालत नाही, आणि भलत्याला का चालतं? पहिलीचं उत्तर जोडणीत आहे, दुसरीचं कुलपात. पुढची यादी त्याच क्रमानं लावली आहे.

एक फरक आधी समजून घ्या. राऊटर नेट आत आणतो आणि प्रत्येक फोनला पत्ता वाटतो. अ‍ॅक्सेस पॉइंट ते नेट हवेतून पसरवतो. घरच्या डब्यात ही दोन्ही कामं एकत्र असतात. दुसरा डबा आणला की ती वेगळी करावी लागतात, आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो.

१. आधी पाट चाला

काय करावे

• फोन घेऊन डब्याजवळ जा. तिथे नेट नीट चालत असेल तर दोष रेंजचा. तिथेही चालत नसेल तर दोष डब्यात किंवा त्याच्या मागच्या तारेत.

• दिवे वाचा. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा पेटला असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे तार तुटली, वाकली किंवा निसटली. अशा वेळी सेटिंगमध्ये बोटं घालून काही होत नाही, लाइनमनला फोन करा. ‘पॉन’चा दिवा स्थिर असेल तर मागची वाट शाबूत आहे, आता पुढे बघा.

• दुसरा फोन लावून बघा. एकाच फोनचं नेट बंद असेल तर डब्याला दोष देऊ नका.

• जमलं तर लॅपटॉप केबलनं थेट डब्याला जोडा. केबलवर नेट चालतं आणि हवेत चालत नाही, तर दोष वायफायचा. दोन्हीकडे बंद, तर दोष त्याही मागे.

• फोनच्या वायफाय माहितीत आयपी पत्ता बघा. तो १९२.१६८ नं सुरू होत असेल तर डब्यानं फोनला ओळखलं, अडचण त्याच्या मागे आहे. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर फोनला पत्ता मिळालाच नाही आणि त्यानं स्वतःच एक लावून घेतला. मग पत्ते वाटणारी डीएचसीपी ही सोय तपासा.

• एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. पाच बदलांनंतर नेट सुरू झालं, तर नेमकं कशानं झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पाचही करावे लागतात.

काय टाळावे

• मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसू नका. ते रीसेटचं बटण आहे. दहाएक सेकंद दाबलं की डबा कारखान्यातून आला तसा होतो. कंपनीनं भरलेलं नाव, पासवर्ड, व्हीलॅनचा आकडा, सगळं पुसलं जातं. साधी तक्रार दोन दिवसांची होते.

• दर मिनिटाला बंद-चालू करू नका. एकदा बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि तीनेक मिनिटं हात लावू नका. डब्याला उठून बसायला तेवढा वेळ लागतो.

• फायबरची पिवळी तार घट्ट गुंडाळू नका, खिळ्याभोवती वळवू नका. आत काच आहे. वळण अरुंद झालं की प्रकाश बाहेर सांडतो. सुट्या टोकाला डोळा तर लावूच नका, त्यातला लेझर दिसत नाही पण असतो.

• हिरव्या टोकाच्या जागी निळं टोक बसवू नका. दोन्ही दिसायला सारखीच असली तरी आतला काप वेगळा असतो.

२. भिंत, पत्रा आणि पानं

काय करावे

• डबा घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीच्या वर ठेवा. अँटेना उभी असेल तर लहरी आडव्या पसरतात. दुमजली घरात दोनपैकी एक अँटेना आडवी करून बघा.

• लांबच्या खोलीला २.४ गिगाहर्ट्‌झ, जवळच्या कामाला ५ गिगाहर्ट्‌झ वापरा. पहिली लहर भिंतीतून जास्त लांब जाते पण हळू चालते. दुसरी वेगवान आहे, पण दोन जाड भिंतींत दमते.

• रेंज आकड्यात मोजा. चॅनेल आणि रेंज दाखवणारी मोफत अ‍ॅप अँड्रॉइडवर मिळतात. उणे ५० डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभतो, उणे ८० च्या पलीकडे नुसतं नाव दिसतं. फोनवरच्या चार रेघांपेक्षा हा आकडा खरा.

काय टाळावे

• डबा लोखंडी कपाटात, फ्रिजच्या मागे, टीव्हीच्या पाठीशी किंवा पाण्याच्या टाकीला लागून ठेवू नका. धातू लहर परतवतो, पाणी ती पिऊन टाकतं.

• पत्र्याच्या छपरातून वायफाय पलीकडे जाईल अशी आशा धरू नका. अंगणातल्या खाटेपर्यंत नेट हवं असेल तर डबा खिडकीशी आणा किंवा दुसरा बाहेर लावा.

• उन्हाळ्यात मोजलेली रेंज पावसाळ्यात तेवढीच राहील असं समजू नका. मधली झाडं हिरवी झाली, पानं ओली झाली की तीच लहर अडते. दोन इमारतींमधला दुवा झाडावरून नव्हे, मोकळ्या वाटेनं न्या.

३. चॅनेल: बाजारात कुठे उभं राहायचं

काय करावे

• २.४ मध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ निवडा. भारतात १ ते १३ चालतात, पण एकमेकांवर न चढणारी ही तीनच. शेजारी ६ वर असेल तर तुम्ही १ किंवा ११ वर जा.

• चॅनेलची रुंदी २.४ मध्ये २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. रुंद रस्ता घेतला की शेजाऱ्याशी धडक वाढते.

• सेटिंगमध्ये देश ‘भारत’ निवडा. कुठल्या चॅनेलवर किती ताकदीनं बोलायचं, हे डबा त्यावरून ठरवतो. आपल्याकडे २.४ ची पट्टी २००५ साली परवान्यातून मोकळी झाली. ५ च्या पट्टीचा बराच भाग २०१८ मध्ये घराबाहेरही मोकळा झाला, पण ताकदीची मर्यादा दोन्हींना आहे.

काय टाळावे

• ‘मधलं रिकामं दिसतं’ म्हणून ३ किंवा ८ निवडू नका. तिथे तुम्ही दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या अंगावर जाता.

• पाहुण्यांसाठीच्या डब्यावर चॅनेल १२ आणि १३ ठेवू नका. अमेरिकेहून आणलेल्या काही फोनना ते दिसतच नाहीत. वाघ बघायला आलेला पाहुणा मग ‘तुमचं वायफायच नाही’ म्हणतो आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं.

• ५ गिगाहर्ट्‌झचं नाव पहिल्या मिनिटात दिसलं नाही म्हणून घाबरू नका. ५२ पासून पुढचे बरेच चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडार आहे का, हे ऐकून घेतल्याशिवाय डबा तिथे बोलत नाही. थांबायचं नसेल तर ३६ ते ४८ पैकी चॅनेल घ्या.

४. दुसरा डबा जोडताना

होमस्टेच्या मागच्या खोल्या, ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा शाळेची दुसरी इमारत इथपर्यंत एक डबा पुरत नाही. मग घरातला जुना राऊटर आठवतो. आठवू द्या, पण नीट जोडा.

काय करावे

• जुन्या डब्यात ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तोच निवडा. बाकीचं बरंचसं तो स्वतः करतो.

• तो नसेल तर तीन कामं हातानं करा. डब्याचा पत्ता बदला: मुख्य डबा १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या. दुसऱ्यातली डीएचसीपी बंद करा. मुख्य डब्याकडून आलेली केबल दुसऱ्याच्या ‘लॅन’ भोकात घाला, ‘वॅन’मध्ये नाही.

• दोन्ही डब्यांवर नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अगदी सारखा ठेवा, चॅनेल मात्र वेगळा. म्हणजे अंगणातून मागच्या खोलीत जाताना फोन आपोआप डबा बदलतो.

• केबल १०० मीटरच्या आत ठेवा. बाहेरून नेणार असाल तर बाहेरची, उन्हात न तडकणारी केबल घ्या.

काय टाळावे

• दोन डब्यांना पत्ते वाटायला लावू नका. एका गावाला पाणी वाटणारे दोन पाणकर नेमले की भांडणं ठरलेली. अर्धे फोन चालतात, अर्धे नाहीत, आणि आज चालणारा उद्या चालत नाही, ही या दोषाची ओळख.

• दोन्ही डब्यांचा पत्ता एकच ठेवू नका. मग सेटिंगचं पान कधी याचं उघडतं, कधी त्याचं.

• केबल टाकणं शक्य असताना रिपीटर घेऊ नका. एकाच पट्टीवरचा रिपीटर ऐकतो त्याच तोंडानं बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो.

५. फोन जोडतच नाही तेव्हा

काय करावे

• फोनमध्ये ते नेटवर्क ‘विसरा’ आणि पासवर्ड नव्यानं घाला. डब्यावरचा पासवर्ड बदलला तरी फोन जुनाच पाठवत राहतो.

• कीबोर्ड बघा. मराठी कीबोर्डवरचा १ आणि इंग्रजी १ डब्याला वेगळे वाटतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केलेल्या पासवर्डाच्या शेवटी एखादी रिकामी जागा चिकटून येते, तीही बघा.

• जुना प्रिंटर, सीसीटीव्ही किंवा अंगठा घेणारं यंत्र जोडत नसेल तर त्याला २.४ ची पट्टी दाखवा. यातल्या पुष्कळ यंत्रांना ५ कळतच नाही. सुरक्षा ‘फक्त डब्ल्यूपीए-३’ वर असेल तर ‘डब्ल्यूपीए-२ आणि ३’ असा मिश्र पर्याय घ्या.

• ‘जोडलेलं आहे, इंटरनेट नाही’ असं दिसलं तर आधी फोनमधलं व्हीपीएन आणि ‘प्रायव्हेट डीएनएस’ बंद करून बघा. तारीख-वेळ चुकलेली असली तरी साइट उघडत नाहीत.

• पाहुण्यांची बस उतरली आणि निम्म्यांनाच नेट मिळालं, तर पत्त्यांची यादी संपलेली असते. डीएचसीपीची मर्यादा वाढवा, आणि पत्ता २४ तासांऐवजी दोन तासांसाठी द्या. सकाळी गेलेल्या पाहुण्याचा पत्ता दुपारच्या पाहुण्याला मिळतो.

काय टाळावे

• जोडत नाही म्हणून सुरक्षा ‘ओपन’ करू नका. ‘तेवढ्यापुरतं’ उघडलेलं वायफाय वर्षभर उघडं राहतं.

• एका जुन्या यंत्रासाठी सगळ्यांची सुरक्षा खाली आणू नका. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या सुरक्षेशिवाय जे चालत नाही, ते यंत्र बदला. टीकेआयपी लावलं की नवे फोनही ५४ मेगाबिटच्या जुन्या चालीवर येतात.

६. खरं कुलूप

काय करावे

• सुरक्षा डब्ल्यूपीए-२ (एईएस) किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवा. पहिलं २००४ चं, दुसरं २०१८ चं. त्याआधीचं डब्ल्यूईपी २००१ सालीच फुटलं, आज ते काही मिनिटांत उघडतं.

• पासवर्ड लांब ठेवा. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे. चोर तुमच्या दाराशी बसून अंदाज करत नाही. फोन आणि डबा यांची पहिली ओळखपाळख तो हवेतून टिपतो आणि घरी जाऊन संगणकाला लाखो शब्द लावायला सांगतो. म्हणून अवघडपणापेक्षा लांबी कामाची. रोमन अक्षरांत लिहिलेले चार असंबद्ध शब्द घ्या, जसे टेंभरं, सायकल, पाट, गुरुवार. घरच्यांच्या लक्षात राहतात आणि शब्दकोशात एकत्र सापडत नाहीत. हेच चार मात्र घेऊ नका, ते आता छापून आले.

• सेटिंगच्या पानाचा पासवर्ड वेगळा आणि लगेच बदला. वायफायचा पासवर्ड म्हणजे फाटकाची किल्ली, हा म्हणजे तिजोरीची. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमनं कारखान्याचेच नाव-पासवर्ड लावून जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. त्यासाठी साठेक जोड्यांची यादी त्याला पुरली.

• फर्मवेअर, म्हणजे डब्यातला प्रोग्रॅम, ताजं ठेवा. २०१७ च्या ऑक्टोबरात डब्ल्यूपीए-२ मधलीच ‘क्रॅक’ नावाची फट उघड झाली. ती बुजवायला डबा आणि फोन दोन्हींचे अपडेट लागले. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातल्या सफारी बंद असतात, पाहुणे कमी असतात. हे काम तेव्हाच उरका.

• साइटच्या नावावरून वाट दाखवणाऱ्या डीएनएसचा डब्यातला पत्ता कधीमधी बघा. ब्राझीलमध्ये चोरांनी लाखो मोडेममधला हा पत्ता बदलला होता. लोक बँकेचं नाव बरोबर टाकायचे आणि चोरांच्या पानावर पोचायचे.

काय टाळावे

• पिन टाकून फोन जोडणारी डब्ल्यूपीएस ही सोय चालू ठेवू नका. त्याचा पिन आठ अंकी दिसतो, पण डबा तो दोन तुकड्यांत तपासतो. पहिल्या चार अंकांचे १०,००० आणि पुढच्या तिनाचे १,००० असे अकरा हजार प्रयत्न पुरतात, कारण आठवा अंक आधीच्या सातांवरून निघतो. ही चूक २०११ साली उघड झाली.

• गावाचं नाव, गेटचं नाव, मुलाची जन्मतारीख किंवा मोबाइल नंबर हा पासवर्ड ठेवू नका. मोबाइल नंबर दहा अंकी असला तरी तो दुकानाच्या पाटीवर लिहिलेला असतो.

• ‘रिमोट मॅनेजमेंट’ उघडं ठेवू नका. डब्याचं सेटिंग घरातूनच उघडावं, जगातून नाही.

• नाव लपवलं म्हणजे घर लपलं असं समजू नका. उलट तुमचा फोन बाजारात गेला तरी त्या लपलेल्या नावानं हाका मारत राहतो.

• मॅक पत्त्यांच्या यादीवर विसंबू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला स्वतःचा वेगळाच पत्ता सांगतो. यादीनं तुमचाच पाहुणा अडतो, आणि चोर हवेतून खरा पत्ता टिपून घालतो.

७. पाहुण्याला ओसरी द्या, माजघर नको

उघड्या वायफायची किंमत महाराष्ट्रानं २००८ साली मोजली आहे. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलिस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचले. तिथल्या भाडेकरू परदेशी गृहस्थाचं वायफाय बाहेरच्यांनी वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत तसेच ईमेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कचेरीच्या जोडणीवरून गेले. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधत फिरण्याची मोहीम जाहीर केली आणि दूरसंचार विभागानं वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. धडा एवढाच की बिलावर ज्याचं नाव, पहिली विचारणा त्याच्याकडे.

काय करावे

• ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करा. पाहुण्यांचे फोन त्यावर, घरचा संगणक, कॅमेरे आणि पैशाचं यंत्र मुख्य नेटवर्कवर.

• त्यात ‘आयसोलेशन’ चालू ठेवा, म्हणजे एका पाहुण्याचा फोन दुसऱ्याच्या फोनपर्यंत पोचत नाही.

• पाहुण्यांचा पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदला आणि खोलीत लहान चिठ्ठीवर ठेवा. गेस्ट नेटवर्कला वेगाची मर्यादाही लावा, नाहीतर एकाची चित्रफीत चढेपर्यंत सगळ्यांचं नेट आडवं पडतं.

• कोण कधी राहिलं याची नोंदवही होमस्टेत असतेच. ती नीट भरा, वायफायची विचारणा झाली तर हीच वही बोलते.

• गावाला पैसे घेऊन वायफाय द्यायचं असेल तर पीएम-वाणीची वाट धरा. केंद्रानं डिसेंबर २०२० मध्ये ती मंजूर केली. छोट्या दुकानदाराला त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, आणि ग्राहकाची ओळख अ‍ॅपमधून पटते.

काय टाळावे

• घरचाच पासवर्ड चौकातल्या पाटीवर लावू नका.

• घरचं कनेक्शन तीन घरांत वाटून महिन्याची वर्गणी घेऊ नका. कंपनीशी केलेल्या करारात ते बसत नाही आणि भानगड झाली तर तिघांपैकी नाव तुमचंच पुढे येतं.

• सेवा केंद्राचा संगणक आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकांचे फोन एकाच नेटवर्कवर ठेवू नका. त्या संगणकावर गावाची कागदपत्रं आहेत.

८. वीज, पाऊस, माकडं

काय करावे

• आभाळ गडगडायला लागलं की अडॅप्टर आणि लॅन केबल दोन्ही काढा. फायबरची काच वीज आणत नाही, पण बाहेरून आलेली तांब्याची केबल आणि घराची वायरिंग आणते.

• छोटा यूपीएस लावा. घेताना डब्याच्या पाठीवरचा व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळवा आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त घ्या.

• बाहेरची केबल पाइपातून न्या. माकडांना मोकळी तार आणि वेल यांत फरक वाटत नाही. भिंतीत शिरण्याआधी तारेला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, डब्यात उतरत नाही.

काय टाळावे

• नऊ व्होल्टच्या डब्याला बारा व्होल्टचा अडॅप्टर लावू नका. पिन बसते, डबा जळतो. उलट केलं तर डब्याचे दिवे लागतात, पण तो मध्येच बसतो आणि दोष नेटला जातो.

• घरातला अ‍ॅक्सेस पॉइंट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाहेर टांगू नका. पावसानं नाही तर उकाड्यानं मरेल.

९. तक्रार आणि संशय

काय करावे

• फोन करण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवा: कुठला दिवा कसा आहे, केबलवर नेट चालतं का, आणि बंद कधीपासून आहे. ‘नेट नाही’ एवढंच सांगितलं की पलीकडून ‘बंद करून चालू करा’ एवढंच उत्तर येतं.

• फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये प्रकाशाची ताकद दिसत असेल तर आकडा सांगा. उणे २७ डीबीएमच्या खाली गेलेला प्रकाश डब्याला वाचता येत नाही. मग जोड पुन्हा करायचं काम लाइनमनचं.

• जोडलेल्या उपकरणांची यादी महिन्यातून एकदा बघा. अनोळखी नाव दिसलं तर पासवर्ड बदला, सगळे आपोआप बाहेर पडतात.

• पैसे गेले किंवा तुमच्या जोडणीवरून काही गैर घडलं, तर लगेच १९३० वर कळवा आणि पोलिस ठाण्यात तक्रार द्या.

काय टाळावे

• ‘कंपनीतून बोलतोय, पासवर्ड सांगा’ म्हणणाऱ्याला काही सांगू नका. फोनवर त्याच्या सांगण्यानं कुठलंही अ‍ॅप उतरवू नका.

• संशय आला की डबा घाईनं रीसेट करू नका. आत कोण कधी जोडलं याची नोंद असते, तीही पुसली जाईल. आधी त्या पानाचा फोटो काढा.

शेवटचं

मामा तलावांच्या गावात पाणकर असायचा. तुडूम कोण उघडणार, पाणी कुठल्या बांधीला आधी जाणार, हे तो बघायचा, आणि म्हणून पाणी पुरायचं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव माजी मालगुजारी झाले, पण पाण्याला माणूस लागतो हे काही बदललं नाही.

वायफायलाही माणूस लागतो. घरात, होमस्टेत, शाळेत, पंचायतीत कुणीतरी एक नेमा. सेटिंगचा पासवर्ड त्याच्याकडे, वही त्याच्याकडे, बदल त्याच्याच हातानं. वय कितीही असो, पण एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा धीर त्याच्यात हवा. आणि त्याचं पहिलं काम आजच सांगा: डब्याच्या पाठीवर छापलेला कारखान्याचा पासवर्ड बदलायचा.